लठ्ठ रुग्णाची भूल आणि ताणाची संप्रेरके

त्वचेवर पहिला छेद गेला की काही सेकंदांत रक्तातले अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन वाढते. भूल पुरेशी असेल तर रुग्णाला वेदना जाणवत नाही आणि नंतर काही आठवतही नाही. छेदाची खबर मात्र मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातच असते. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला उठवतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल वाढू लागते. निरोगी माणूस दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी हे प्रमाण ७५ ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. एरवी कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पिट्युटरी हात आखडता घेते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हा लगाम सुटतो. त्याच वेळी इन्शुलिनचे स्रवण मंदावते, आहे ते इन्शुलिन नीट काम करत नाही, रक्तातली साखर चढते, स्नायूंतली प्रथिने मोडू लागतात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवते.

जखमी प्राण्याला हे सगळे उपयोगाचे आहे. अन्न-पाणी मिळण्याची खात्री नसताना साठ्यातली साखर वापरून आणि पाणी धरून ठेवून तग धरायची ही सोय आहे. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाला सलाइन, गरज पडल्यास रक्त आणि सुरक्षित उबदार खाट मिळते. त्याला या सोयीचा फायदा कमी आणि भुर्दंड जास्त. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजून दाखवले, की जखम पायाला झाली तरी झीज सगळ्या शरीराची होते. भुलीने ही प्रतिक्रिया बदलते का, याचे डोळ्यांत भरणारे उत्तर १९८७ साली आले. डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या हृदयशस्त्रक्रियांत फेंटानिल देऊन पाहिले. तोवर इतक्या लहान बाळांना वेदनाशामकाशिवाय, अगदी हलक्या भुलीवर कापले जात असे. फेंटानिल मिळालेल्या बाळांची संप्रेरके कमी उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही कमी झाला.

लठ्ठ शरीरात या प्रतिक्रियेची सुरुवातच वेगळ्या पायरीवरून होते. चरबी हा नुसता साठा नाही, ती स्वतः संप्रेरके सोडणारी ऊती आहे. पोटातल्या चरबीतले एक विकर निष्क्रिय कॉर्टिसोनचे पुन्हा कॉर्टिसॉल करते. त्यामुळे लठ्ठ माणसाचे सकाळचे कॉर्टिसॉल तपासले तर आकडा बहुधा सामान्य, कधी थोडा कमीच येतो; चरबीत मात्र त्याचा अंमल जास्त असतो. अनुकंपी चेतासंस्था आधीच ताणलेली, नाडी आणि रक्तदाब थोडे वर, इन्शुलिनला दाद न देण्याची सवय शरीराला आधीच लागलेली, आणि इंटरल्यूकिन-६ सारखी दाहाची द्रव्ये कायम थोडी वाढलेली. यावर शस्त्रक्रियेचा ताण पडला की साखर सडपातळ माणसापेक्षा लवकर चढते आणि उशिरा उतरते. जखम चिघळण्याचा आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो तो याच वाटेने.

लठ्ठ रुग्ण म्हटले की मुंबई-पुण्याच्या बॅरिअॅट्रिक केंद्रांतला दीडशे किलोचा माणूस डोळ्यांसमोर येतो. यवतमाळ जिल्ह्यात भूल देणाऱ्याला तसा रुग्ण क्वचित भेटतो. इथे नेहमीची भेटते ती दीडशे सेंटिमीटर उंचीची, ऐंशी किलो वजनाची, पित्ताशयातले खडे किंवा गर्भपिशवीतली गाठ घेऊन आलेली बाई. तिचा बीएमआय पस्तिशीच्या पुढे असतो, पण घरात तिला कोणी लठ्ठ म्हणत नाही. ‘अंगाने भरलेली’ म्हणतात. तिला मधुमेह आहे हे बऱ्याचदा ऑपरेशनपूर्व तपासणीतच पहिल्यांदा कळते. भारतीयांसाठी २५ बीएमआयलाच लठ्ठपणा धरतात, त्यामागचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून चांगले समजते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचीच तुलना छापली: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर बेताची दिसणारी वऱ्हाडी शेतकरीणसुद्धा संप्रेरकांच्या हिशेबात लठ्ठ असू शकते. भूलतज्ज्ञाने काट्यापेक्षा कमरेचा घेर आणि साखर यांवर जास्त विश्वास ठेवावा, हे बरे.

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात १९८९ साली सुरू झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे केंद्र आहे. वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा, उमरखेड इथल्या छोट्या खासगी रुग्णालयांत मात्र भूलतज्ज्ञ बहुधा पूर्णवेळ नसतो. बोलावले की येतो, आणि रुग्णाशी त्याची पहिली भेट पुष्कळदा ऑपरेशनच्या सकाळीच होते. तोवर रुग्णाचा अर्धा ताण होऊन गेलेला असतो. ‘उपाशीपोटी या’ एवढेच सांगितलेले असते. रुग्ण ते इतके मनावर घेतो, की रात्री आठला जेवून, पहाटेची एसटी धरून, दुपारी बारापर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना असा रुग्ण टेबलावर येतो, तेव्हा पाणी धरून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन आधीच वाढलेले असते आणि शरीर उपासमारीच्या वाटेला लागलेले असते. पचनाची गती मंदावलेली नसेल तर भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा बिनदुधाचा चहा आणि सहा तास आधीपर्यंत हलके खाणे चालते; लठ्ठपणामुळे हा नियम बदलत नाही. एक फोन करून हे समजावले तर कुठल्याही महागड्या औषधाइतका उपयोग होतो. एवढ्या साध्या गोष्टीला कागदावर जागा मिळते, फोनवर मात्र क्वचितच.

सकाळच्या त्याच भेटीत आणखी एक गोष्ट खोदून विचारावी लागते. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी गावातल्या कोणाकडून आणलेल्या पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या यांत स्टिरॉइड असू शकते. चेहरा गोल, पोट मोठे, हातपाय बारीक, कातडीवर जांभळट निळे डाग असे रूप दिसले तर तो नुसता लठ्ठपणा नसतो. अशा रुग्णाची अॅड्रिनल ग्रंथी बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे झोपी गेलेली असते. इतर लठ्ठ रुग्णांत संप्रेरके जास्त उसळतील ही काळजी. इथे ती उसळणारच नाहीत ही. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेल्या माणसाला भुलीच्या सुरुवातीला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि पुढच्या चोवीस तासांत आणखी २०० देण्याची पद्धत आहे. ‘कोणत्या गोळ्या खाता?’ या प्रश्नाला ‘कुठल्याच नाही’ हे उत्तर ठरलेले. ‘गुडघ्याला कोणाकडून घेता?’ असे विचारले की पिशवीतून पुडी निघते.

भुलीच्या औषधांपैकी झोपवणारी औषधे ताणाच्या संप्रेरकांवर फारशी सत्ता चालवत नाहीत. प्रोपोफॉलच्या एका मात्रेने झोप लागते, रक्तदाब उतरतो. पण छेदानंतरची कॉर्टिसॉलची लाट ती मात्रा अडवत नाही. प्रोपोफॉल सतत पंपाने चालवून सोबत वेदनाशामक दिले तर वायूंच्या भुलीपेक्षा ही लाट काहीशी बुटकी राहते, इतकेच. आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन हे वायू झोप उत्तम टिकवतात, मात्र स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणे कमी करतात. लठ्ठ मधुमेहीत साखरेच्या चढाला त्यांचाही हातभार लागतो. केटामाइन श्वास राखते, म्हणून छोट्या गावांत त्याचा आधार मोठा. पण ते अनुकंपी चेतासंस्थेला चेतवते, त्यामुळे रक्तदाब आधीच वर असलेल्या लठ्ठ माणसात पूर्ण मात्रेऐवजी वेदनाशामकाला जोड म्हणून थोडेसे वापरणे शहाणपणाचे.

एटोमिडेटची गोष्ट वेगळी आणि सांगण्यासारखी आहे. कॉर्टिसॉल खाली आणण्यात या औषधाची बरोबरी कोणी करत नाही, कारण ते अॅड्रिनल ग्रंथीतले कॉर्टिसॉल बनवणारे विकरच बंद पाडते. रक्तदाब फारसा ढळत नाही, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अतिदक्षता विभागांत ते रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिवसेंदिवस चालवले जाई. १९८३ साली ग्लासगोच्याच लेडिंगहॅम आणि वॉट यांनी लिहिले, की अपघातात जबर जखमी झालेल्या रुग्णांमध्ये हे औषध सुरू झाल्यापासून मृत्यू वाढले आहेत. कथबर्टसन यांनी ज्या शहरात ताणाची किंमत मोजली, तिथेच ताण मुळीच नसण्याची किंमतही मोजली गेली. आज एटोमिडेट केवळ झोपवण्यापुरते एकदाच देतात, आणि त्या एका मात्रेनेही ग्रंथी काही तास दबलेली राहते. तेव्हा कॉर्टिसॉलचा आकडा कमी दिसला म्हणजे रुग्णाचे भले झाले, असे धरून चालत नाही. छेदाकडून मेंदूकडे जाणारी खबर अडवणे आणि उत्तर देणाऱ्या ग्रंथीलाच मुके करणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात रुग्णाची ताकद शिल्लक राहते.

खबर मेंदूच्या पातळीवर अडवणारे औषध म्हणजे अफूच्या कुळातले: मॉर्फिन, फेंटानिल. हृदयशस्त्रक्रियेत फेंटानिल किलोमागे ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त दिले तर संप्रेरकांची उसळी जवळपास थांबते. नेहमीच्या शस्त्रक्रियेत मात्रा असते एक ते तीन मायक्रोग्रॅम, आणि तेवढ्याने फक्त धार बोथट होते. मोठी मात्रा द्यायची तर नंतर कित्येक तास कृत्रिम श्वासाचे यंत्र लागते. लठ्ठ रुग्णात पंचाईत इथेच येते. छातीवर आणि पोटावर चरबीचे ओझे असल्याने फुप्फुसातला राखीव प्राणवायू कमी, आणि झोपेत घशाचा मार्ग बंद पडून श्वास अडकण्याचा आजार अनेकांना असतो. घरचे सांगतात, ‘घोरतात खूप, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो,’ आणि हसतात. ताणासाठी दिलेले मॉर्फिन अशा माणसाचा रात्री श्वास थांबवू शकते. व्हेंटिलेटर आणि रात्रभर देखरेख नसलेल्या ठिकाणी संप्रेरकांची थोडी उसळी पत्करणे हाच योग्य सौदा आहे, मग शोधनिबंध काहीही सांगोत.

डेक्समेडेटोमिडिन या औषधाने ही अडचण थोडी सैल केली. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या अल्फा-२ ग्राहींवर काम करून ते नॉरअॅड्रिनलिनचे सुटणे कमी करते, झोपेसारखी शांतता देते, वेदनाशामकाची गरज घटवते आणि श्वास जवळपास शाबूत ठेवते. दहा मिनिटांत किलोमागे एक मायक्रोग्रॅमपर्यंत आणि पुढे तासाला ०.२ ते ०.७ अशी त्याची चाल. नाडी फार मंदावू शकते, म्हणून पंप लागतो आणि नजर लागते. क्लोनिडिन हे त्याच कुळातले जुने आणि स्वस्त औषध. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत क्लोनिडिन तपासून पाहिले तेव्हा अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये कमी झाली, व्हॅसोप्रेसिन आणि कॉर्टिसॉल मात्र होते तिथेच राहिले. एका औषधाने सगळी संप्रेरके एकदम खाली येत नाहीत, हे यातून दिसते. एस्मोलॉलचेही तसेच. श्वासनळीत नळी घालताना जी उसळी येते ती लठ्ठ रुग्णात, नळी घालणे अवघड असल्याने, जास्त वेळ टिकते. एस्मोलॉल दिले की मॉनिटरवरची नाडी सुधारते, रक्तातले संप्रेरक नाही.

मज्जातंतूतच खबर अडवण्याची रीत जुनी, स्वस्त आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांत भरवशाची आहे. पाठीतून दिलेल्या भुलीत छातीच्या चौथ्या मज्जातंतूपर्यंत बधिरता पोहोचली, तर ओटीपोटाच्या आणि पायांच्या शस्त्रक्रियेत कॉर्टिसॉल आणि साखर वाढतच नाही, हे डॅनिश संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. हेन्रिक केलेट यांनी त्यावरच पुढे शस्त्रक्रियेतून लवकर उभे करण्याची पद्धत रचली. मर्यादाही स्पष्ट आहेत. पोटाच्या वरच्या भागातून व्हेगस आणि डायाफ्रामच्या मज्जातंतूवाटे खबर जातच राहते. पाठीतल्या भुलीवर पित्ताशय काढताना रुग्ण खांदा दुखतो म्हणतो, ती हीच वाट. आणि एकाच सुईची भूल दोन-तीन तासांत उतरली की दाबून ठेवलेले कॉर्टिसॉल वर येते; उसळी टळत नाही, लांबते. एपिड्युरल नळी ठेवून औषध चालू राहिले तरच दिवसभर फायदा.

लठ्ठ रुग्णात मणके हाताला लागत नाहीत, बसवून, लांब सुईने आणि धीराने काम करावे लागते. पोटातल्या दाबामुळे मज्जारज्जूभोवतीचे पाणी कमी असते, म्हणून नेहमीची मात्रा अपेक्षेपेक्षा वर चढते. याशिवाय रुग्णाची विनंती असते: ‘पाठीत सुई नोका देऊ जी, जलमभर कंबर धरते.’ कंबर वजनाने धरते, सुईने नाही, हे पटवायला सुई टोचण्याहून जास्त वेळ जातो. शेवटी जखमेच्या कडेला आणि पोटाच्या भिंतीत दिलेले बधिर करणारे औषध राहते. त्याने संप्रेरकांत मोठा फरक पडत नाही, मॉर्फिन मात्र वाचते, आणि लठ्ठ माणसात तीच मोठी कमाई.

छेद लहान ठेवणे हे भूलतज्ज्ञाच्या हातात नाही, पण ताणावर त्याचा परिणाम बहुतेक औषधांपेक्षा मोठा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ऊतींना इजा कमी होते, दाहाची द्रव्ये कमी सुटतात. मात्र पोटात कार्बन डायऑक्साइड भरताना, १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबावर, व्हॅसोप्रेसिन आणि नॉरअॅड्रिनलिन वाढते आणि रक्तदाब एकदम उडी घेतो. सर्जनला दाब थोडा उतरवायला सांगणे हेही अशा वेळी औषधच.

मात्रा कोणत्या वजनावर काढायची हा प्रश्न वर सांगितलेल्या प्रत्येक औषधाला चिकटलेला आहे. ऐंशी किलोच्या त्या बाईचे उंचीवरून काढलेले आदर्श वजन ४५ किलो आणि चरबी वगळलेले वजन सुमारे ४३ किलो. झोपवण्यासाठी किलोमागे दोन मिलिग्रॅम प्रोपोफॉल पूर्ण वजनावर दिले तर १६० मिलिग्रॅम होते आणि रक्तदाब कोसळतो. चरबी वगळून ८५-९० पुरते. पण पंपाने चालू ठेवताना औषध चरबीत शिरत राहते, तेव्हा मधले, साठच्या आसपासचे वजन धरावे लागते. तिथेही आदर्श वजनच धरले तर भूल हलकी पडते. स्नायू सैल केलेले असल्याने रुग्ण हलू शकत नाही. ताण फक्त नाडीत, घामात आणि डोळ्यांच्या पाण्यात दिसतो. ब्रिटनमधल्या एनएपी-५ या देशव्यापी पाहणीत, २०१४ साली, भुलीत जाग येण्याच्या घटनांमध्ये लठ्ठपणा हे जोखमीचे एक कारण ठरले, त्यामागे हेही असू शकते. सक्सिनिलकोलिन मात्र पूर्ण वजनावर देतात. यवतमाळमध्ये त्याला जोडून एक प्रश्न विचारावा लागतो, जो पुस्तकात तळटिपेत असतो: फवारणी केली का? २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाने रक्तातले जे विकर दबते, तेच सक्सिनिलकोलिन मोडते. ते दबले असेल तर पाच-दहा मिनिटांचे औषध तासांवर जाते.

मळमळ टाळण्यासाठी दिलेले चार-आठ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन स्वतःच स्टिरॉइड आहे. ते दिलेल्या रुग्णाचे कॉर्टिसॉल पुढचा एक-दोन दिवस कमी येते आणि साखर वर. भुलीच्या औषधांची तुलना करणारा अभ्यास वाचताना हे आधी पाहावे: डेक्सामेथासोन कोणाला दिले, नमुना किती वाजता घेतला, रुग्ण गर्भनिरोधक गोळ्या घेत होती का. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असते. सकाळी आठला आणि दुपारी दोनला घेतलेल्या नमुन्यांची तुलना म्हणजे घड्याळाची तुलना. रोजच्या कामात कॉर्टिसॉल कोणी मोजतही नाही, कारण अहवाल येईपर्यंत रुग्ण घरी जायच्या तयारीत असतो. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर मिळणारी साखर हाच जिल्ह्यातला ताणाचा मापक.

आणि ती मोजायची वेळ चुकीच्या जागी पडते. कॉर्टिसॉलचा कळस शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा तासांनी येतो. सकाळी अकराला वणीत भूल देऊन तज्ज्ञ दुपारी मारेगावला किंवा पांढरकवड्याला पोहोचलेला असतो. कळस येतो तेव्हा रुग्णाजवळ सिस्टर असते. म्हणून सूचना कागदावर लिहून जाव्या लागतात: डोके उंच ठेवायचे, दर दोन-तीन तासांनी साखर बघायची, १८० च्या वर गेली तर ठरलेल्या मात्रेने इन्शुलिन, पॅरासिटामॉल वेळेवर, मॉर्फिन नाही, कुडकुडत असेल तर पांघरूण आणि गरम सलाइन. साखर १४० ते १८० मध्ये राहिली की पुरे. २००९ सालच्या नाइस-शुगर अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांची साखर शंभराजवळ रेटण्याच्या प्रयत्नात मृत्यू घटण्याऐवजी वाढलेच.

इन्शुलिनला दाद न देण्याची अवस्था छोट्या शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांत ओसरते, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडेही टिकते. एचबीए१सी साडेसहा टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह आधीपासूनच होता, असे धरायला हरकत नाही. ती तपासणी झालेली नसेल, तर टाके काढायला आलेल्या रुग्णाची उपाशीपोटीची साखर पाहतात. ती तेव्हाही १२६ किंवा वर असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात आणि तशीच राहिल्यास मधुमेहाचे औषध सुरू करतात.